श्रीयुत कोंबडीकर यांस खुले पत्र

श्रीयुत कोंबडीकर,
मु. पो. वॉशिंग्टन, अमेरिका.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, परदेशातून येणाऱ्या प्रत्येक हलक्या मालट्रकवर २५ टक्के शुल्क वसूल करायला तुम्ही ७ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या बंदरांवर जाऊन बसलात, ते अजून उठलेले नाहीत. जॉन्सनपासून ट्रम्पपर्यंत अकरा राष्ट्राध्यक्ष तुम्ही पाहिलेत. शीतयुद्ध संपलं, पश्चिम जर्मनी नावाचा देश नकाशावरून गेला, ज्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या नियमांनी तुम्हाला जन्म दिला त्याचंही विसर्जन होऊन जागतिक व्यापार संघटना आली. तुमच्या टक्क्याला मात्र कुणी धक्का लावला नाही. सरकारी दप्तरात तुमचं नाव भारदस्त आहे: राष्ट्राध्यक्षांची उद्घोषणा क्रमांक ३५६४. मोटारधंद्यात सगळे तुम्हाला 'चिकन टॅक्स' म्हणतात. आम्ही आपले कोंबडीकर म्हणतो.

तुमची जन्मकथा आमच्या वाचकांना ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. चुकलं तर दुरुस्त करा. महायुद्धानंतर अमेरिकेत कोंबडीपालनाचा कारखाना झाला. कोंबडी इतकी स्वस्त झाली की गोठवून, बोटीत घालून युरोपात विकली तरी तिथल्या कोंबडीपेक्षा कमी भावात पडायची. जर्मन घरात रविवारी होणारं कोंबडीचं कौतुक रोजच्या ताटात आलं आणि युरोपातल्या पोल्ट्रीवाल्यांनी बोंब ठोकली. डच म्हणाले, अमेरिका तोट्यात माल ओततेय. फ्रेंचांनी तर ही कोंबडी खाल्ली की पुरुषत्व जातं इथपर्यंत मजल मारली. १९६२ मध्ये युरोपच्या सामायिक बाजारपेठेने आयात कोंबडीवर शुल्क चढवलं आणि अमेरिकेची विक्री घसरली. जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर नंतर सांगत की केनेडींशी झालेल्या पत्रव्यवहारातला निम्मा भाग कोंबड्यांबद्दलच होता. कोंबडीवाल्या आर्कान्सास राज्याचे सिनेटर फुलब्राइट यांनी तर नाटोमध्ये अण्वस्त्रांवर चर्चा चालू असताना मध्येच कोंबडीचा विषय काढला. जग बर्लिनच्या भिंतीकडे आणि क्यूबाकडे श्वास रोखून बघत होतं, तेव्हाचीच ही गोष्ट.

मग गॅटने पंच नेमले आणि त्यांनी अमेरिकेचं नुकसान मोजलं: वर्षाला २ कोटी ६० लाख डॉलर. तेवढ्या रकमेची परतफेड युरोपच्या मालावर शुल्क लावून करायची मुभा मिळाली. २२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडींची हत्या झाली. ४ डिसेंबरला जॉन्सन यांनी तुमच्या उद्घोषणेवर सही केली. आमच्या हिशेबाने तो तेराव्याचा दिवस. घरात सुतक असताना तुमचं बारसं उरकलं गेलं, यावरून तुमची निकड किती होती ते कळावं.

तुम्ही एकटे जन्मला नाहीत, चार भावंडं होती. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक, चौघांवर वाढीव शुल्क. पहिल्या तिघांना यथावकाश मुक्ती मिळाली. फ्रेंच ब्रँडी आज अमेरिकन माणूस निवांत पितो. उरलात तुम्ही एकटे. आणि ट्रकच का, हा प्रश्न कुणाला पडला तर वॉल्टर रॉयथर हे नाव सांगावं. ते मोटार कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष होते आणि फोक्सवागनच्या त्या गोलमटोल व्हॅन आणि पिकअप त्यांच्या डोळ्यांत खुपत होत्या. १९६४ च्या निवडणुकीच्या वर्षात जॉन्सनना संप नको होता. व्हाइट हाउसमधल्या संभाषणाच्या फिती पुढे बाहेर आल्या आणि त्यांतून अभ्यासकांनी निष्कर्ष काढला की या सौद्यात कोंबडीपेक्षा मतांचं वजन जास्त होतं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी ही म्हण आम्ही आजवर गाफील माणसांसाठी वापरत आलो. तुमच्या बाबतीत बंब रामेश्वरी पाठवणाऱ्याला पत्ता नीट माहीत होता.

फोक्सवागनचं जे व्हायचं ते झालं. १९६४ मध्ये पश्चिम जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या ट्रकांची किंमत ५७ लाख डॉलरवर आली, आदल्या वर्षाच्या जेमतेम एक तृतीयांश. पण व्यापाराचा नियम असा की शुल्क लावायचं तर सगळ्या देशांना सारखं. त्यामुळे ज्या जपानने अमेरिकेच्या एका कोंबडीलाही हरकत घेतली नव्हती, तोही तुमच्या तावडीत सापडला. पुढच्या सहा दशकांत तुम्ही खरा मार दिलात तो त्यालाच. आणि कोंबडीचं काय झालं? युरोपने १९९७ पासून क्लोरीनच्या पाण्याने धुतलेली अमेरिकन कोंबडी दारातच अडवली. म्हणजे जिच्यासाठी तुम्हाला नेमलं ती अजून बाहेरच उभी आहे, आणि नेमणूक चालू.

कोंबडीकर, तुमच्यामुळे मानवी बुद्धीला जी धार आली तिचं श्रेय मात्र तुम्हाला दिलंच पाहिजे. मोटारगाडीवर शुल्क अडीच टक्के असायचं, मालट्रकवर पंचवीस. एका दशांशचिन्हासाठी माणसं काय काय करतात!

सुरुवातीला जपानी कंपन्यांनी ट्रकचा मागचा हौदाच काढून टाकला. नुसती केबिन आणि सांगाडा पाठवला की तो 'ट्रक' नव्हे, त्यावर शुल्क ४ टक्के. हौदा अमेरिकेत पोचल्यावर बसवायचा. टोयोटाने तर १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला हौदे बनवायचा कारखानाच घेतला. आणि हे फक्त परकी लोकच करत होते असं समजू नका. शेव्हरोलेचा लव्ह हा पिकअप इसुझूचा होता, फोर्डचा कुरियर माझदाचा. तुम्हाला ज्यांच्या रक्षणासाठी ठेवलं ते मालकच मागच्या दाराने माल आत घेत होते. १९८० मध्ये ही फट बुजवली गेली.

सुबारूने वेगळा रस्ता काढला. ब्रॅट नावाची तिची छोटी हौदेवाली गाडी १९७८ मध्ये अमेरिकेत आली ती हौद्यात दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन. खुर्च्यांची तोंडं मागे, पायाखाली गालिचा, धरायला मुठी, डोक्यावर आभाळ. गाडी ७०-८० च्या वेगाने चाललीय आणि तुम्ही मागच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत डोळे घालून बसलाय! पण खुर्ची आली म्हणजे प्रवासी आला, आणि प्रवासी आला म्हणजे ती मोटारगाडी, शुल्क मोटारीचंच. यातली एक ब्रॅट रोनाल्ड रेगन यांच्या कॅलिफोर्नियातल्या रँचवर होती. मुक्त व्यापाराचे गोडवे गाणाऱ्या माणसाला याहून शोभणारी गाडी शोधून सापडली नसती.

१९८९ मध्ये तर अमेरिकेच्या अर्थखात्याला प्रश्न पडला की एसयूव्ही हा ट्रक की मोटारगाडी. खलबतं होऊन उत्तर आलं: दोन दारांची असेल तर ट्रक, चार दारांची असेल तर मोटार. पुढे निसानच्या दोन दारी पाथफाइंडरचा खटला कोर्टात गेला आणि १९९४ मध्ये वरच्या कोर्टाने सांगितलं की तीही मोटारच. दारं मोजायला न्यायमूर्ती बसवणारा कर म्हणून इतिहासात तुमची नोंद व्हायला हरकत नाही.

तुमचा कळस मात्र फोर्डने चढवला. ट्रान्झिट कनेक्ट ही त्यांची छोटी मालवाहू व्हॅन तुर्कस्तानात बनायची. २००९ पासून ती अमेरिकेत येऊ लागली. तुर्कस्तानातून निघताना तिला मागची बाकं, पट्टे, मागच्या बाजूला काचेच्या खिडक्या, सगळं असायचं, म्हणजे नियमाने प्रवासी गाडी. बोट बाल्टिमोरच्या बंदराला लागली, कस्टमने अडीच टक्के घेतले की कामगार पुढे यायचे. बाकं उपटायची, पट्टे काढायचे, खिडकीच्या काचेच्या जागी पत्रा ठोकायचा, मागे सपाट फरशी बसवायची. झाली मालवाहू व्हॅन. काढलेल्या नव्याकोऱ्या बाकांवर एकदाही कुणी बसलेलं नसायचं; ती तोडून-फाडून भंगारात जायची. आणि एकदा बाकं फेकायचीच आहेत म्हटल्यावर त्यांवर खर्च कशाला, म्हणून फोर्डने पुढे स्वस्तातली बाकं घातली, त्यांना डोकं टेकायला उशीही नव्हती. ज्या प्रवाशाचा जन्मच होणार नव्हता त्याची मान अवघडेल याची काळजी कोण करतो?

हे कुणीतरी पाहणारच होतं. कस्टमने २०१३ मध्ये हरकत घेतली. खालच्या कोर्टात फोर्ड जिंकली, २०१९ मध्ये वरच्या कोर्टात हरली, सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला, आणि मार्च २०२४ मध्ये कंपनीने ३६ कोटी ५० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. डॉलरची तेव्हाची आणि आताची किंमत वेगळी, हे मान्य. तरीही एका अमेरिकन कंपनीने एकाच तडजोडीत भरलेली ही रक्कम कोंबडीच्या मूळ वार्षिक नुकसानीच्या चौदापट आहे. काट्याचा नायटा म्हणतात तो हाच.

मर्सिडीजही कमी नाही. तिच्या स्प्रिंटर व्हॅन जर्मनीत पूर्ण बनवल्या जायच्या, मग खोलल्या जायच्या, इंजिन एकीकडे, सांगाडा दुसरीकडे असं बांधून साउथ कॅरोलायनातल्या लॅडसनला पाठवल्या जायच्या, तिथे पुन्हा जोडल्या जायच्या. एकच गाडी दोनदा बनवायची आणि एकदा मोडायची. शेवटी २०१८ मध्ये कंपनीने तिथेच पूर्ण कारखाना उभा केला.

आमच्या महिंद्रांनाही तुमचा प्रसाद मिळता मिळता राहिला. २००९ मध्ये त्यांनी भारतातून पिकअपचे सुटे भाग खोक्यांत भरून न्यायचे आणि अमेरिकेत जोडून विकायचे, असं जाहीर केलं होतं. खोकी कशासाठी, हे तुम्हाला सांगायला नको. तो बेत बारगळला. त्याचा दोष तुमच्या एकट्याच्या माथी मारणार नाही. तिथल्या वितरकाशी भांडण कोर्टात गेलं होतं. पण विचार करा, ज्या देशाने जगाला जीप दिली, त्या देशात मुंबईच्या कंपनीला आपला पिकअप नेताना आधी तो सुटा कसा करायचा याची चिंता करावी लागली.

आता तुमचे वकील काय म्हणतील तेही मी ऐकून घेतो. ते म्हणतील, कोंबडीकरांमुळेच तर परदेशी कंपन्यांनी अमेरिकेत कारखाने काढले. खरं आहे. निसानने टेनेसीतल्या स्मर्ना गावी कारखाना उभारला आणि १९८३ मध्ये त्यातून पहिलं वाहन बाहेर पडलं ते पिकअपच. हजारो घरांत पगार गेला. रेगन यांच्याच काळात १९८१ मध्ये जपानने 'स्वखुशीने' वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्यांची मर्यादा मान्य केली होती, म्हणून कारखाने आले त्यात तिचाही वाटा आहे. पण असो, स्मर्नाचे गुण तुम्हाला दिले.

बाकीच्या उत्तरपत्रिकेचं काय? डेट्रॉइटला तुम्ही असं कुंपण घालून दिलंत की आतल्याला पळायची गरजच उरली नाही. मोटारगाड्यांत जपान आणि कोरियाशी टक्कर द्यावी लागायची, नफा पातळ. पिकअपमध्ये बाहेरचं कुणी नाही, नफा जाड. त्यात इंधनाच्या सरकारी नियमांनी ट्रकला मोटारीपेक्षा सवलत दिली. मग कंपन्यांनी काय करावं? २०१८ मध्ये फोर्डने जाहीर केलं की उत्तर अमेरिकेत मस्टँग सोडून साध्या मोटारगाड्या आता जवळजवळ बंद. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जनरल मोटर्सने कारखाने बंद करायची घोषणा केली, तेव्हा ट्रम्प यांनी ट्विट करून तुमचं नाव घेऊन स्तुती केली: ट्रकचा धंदा चाललाय तो या चिकन टॅक्समुळेच. म्हणजे मोटारगाड्यांचाही तसाच बंदोबस्त करू, असा त्याचा अर्थ होता.

तुमच्या सावलीत पिकअप दरवर्षी थोडा उंच, थोडा रुंद, थोडा महाग होत गेला. आपल्याकडे ज्याला लोक छोटा हत्ती म्हणतात तसला, गल्लीत वळणारा, चार पोती किंवा नळाचे पाइप टाकून निघणारा साधा ट्रक अमेरिकेतल्या रंगाऱ्याला, प्लंबरला, दोन एकरवाल्या शेतकऱ्याला नवा मिळत नाही. टोयोटाचा हायलक्स जगभर चिखलात, वाळवंटात, युद्धात दिसतो, अमेरिकेच्या शोरूममध्ये दिसत नाही. म्हणून काही हौशी आणि गरजू लोक जपानमधून २५ वर्षं जुने, चिमुकले केई ट्रक मागवतात. तेवढं वय झालं की सुरक्षेच्या नियमांतून सूट मिळते. तुमच्याकडून सूट नाही. पंचवीस वर्षांच्या म्हाताऱ्या ट्रकवरही पंचवीस टक्के.

आणि गंमत बघा, तुमच्यावर सही करणाऱ्या जॉन्सन यांनीच जानेवारी १९६५ मध्ये टेक्ससमधल्या आपल्या रँचवर कॅनडाचे पंतप्रधान पिअरसन यांच्यासोबत मोटार करार केला. अमेरिका-कॅनडा सीमेवर कंपन्यांच्या गाड्या आणि भाग बिनशुल्क जाऊ लागले. मग १९९४ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा नाफ्टा करार आला. मेक्सिकोतल्या ट्रकसाठी तुम्हाला लगेच दहा टक्क्यांवर आणलं आणि पुढच्या काही वर्षांत शून्यावर. अट इतकीच की गाडीचा ६२.५ टक्के ऐवज तिन्ही देशांतला हवा. तेव्हापासून उत्तर अमेरिकेत अमेरिकन, कॅनेडियन, मेक्सिकन असा मोटारधंदा उरलाच नाही, एकच धंदा तीन देशांत पसरला. एकच भाग ओतला एकीकडे, घासला दुसरीकडे, जोडला तिसरीकडे, असा सीमा ओलांडत राहतो. विंडसर आणि डेट्रॉइटच्या मधल्या पुलावर त्याची वर्दळ बघावी. मेक्सिकोत सिलाओला शेव्हरोलेचे पिकअप, साल्तियोला रॅमचे, एर्मोसियोला २०२१ पासून फोर्डचा मॅव्हरिक. तुम्ही जपानी ट्रकला जे दार बंद केलंत त्याला वळसा घालून टोयोटाचा टकोमाही आता मेक्सिकोतूनच येतो. अमेरिकन कामगाराचं रक्षण करायला नेमलेला पहारेकरी बंदराचा दरवाजा आवळून उभा, आणि कारखाने दक्षिणेच्या दरवाजाने निघून गेले!

१ जुलै २०२० पासून नाफ्टाच्या जागी नवा करार आला. आता ७५ टक्के ऐवज तिन्ही देशांतला हवा, आणि ४० ते ४५ टक्के काम तासाला किमान १६ डॉलर मिळवणाऱ्या हातांचं. कंपन्यांनी माना तुकवल्या, पुरवठादार बदलले, हिशेबनीस वाढवले. आणि कागद वाळतात न वाळतात तोच एप्रिल २०२५ मध्ये मोटारगाड्या आणि हलक्या ट्रकांवर नवं २५ टक्के शुल्क आलं, मे महिन्यात सुट्या भागांवरही. हा आकडा कुठून सुचला असेल बरं? कायदाही तुमच्याच पिढीतला काढला, १९६२ चा, राष्ट्रीय सुरक्षेच्या कलमाखाली. आणि हे नवं शुल्क तुमच्या जागी नव्हतं, तुमच्या डोक्यावर होतं. ट्रकवाल्याने दोघांचेही पाय धरायचे.

मग जपानशी सौदा झाला, युरोपशी झाला, त्यांच्या मोटारींसाठी एकूण दर १५ टक्के ठरला. कॅनडा-मेक्सिकोच्या करारातल्या गाड्यांना २५ टक्के, फक्त बिगरअमेरिकन भागाच्या किमतीवर. आता कोंबडीकर, जरा पाटीवर हे गणित करा. मेक्सिकोत जोडलेल्या गाडीत अमेरिकन भाग ४० टक्के असले तर उरलेल्या ६० टक्क्यांवर २५ टक्के, म्हणजे बरोबर १५. त्याहून कमी असले की शेजाऱ्याच्या, कराराने बांधलेल्या, अमेरिकन भाग घातलेल्या गाडीवर कर जास्त, आणि एकही अमेरिकन खिळा नसलेल्या जपानी गाडीवर कमी. डेट्रॉइटच्या कंपन्यांनी यावर जाहीर तक्रार केली. ज्यांच्यासाठी कुंपण घातलं तेच कुंपणात अडकले की ओरडणार नाहीत तर काय करतील?

यात तुमचा दोष काय, असं तुम्ही विचाराल. दोष हाच की तुम्ही जगलात. तात्पुरतं म्हणून लावलेलं शुल्क साठ वर्षं टिकतं, त्याच्याभोवती कारखाने, करार, वकील आणि मतदारसंघ उभे राहतात आणि मग ते काढायची हिंमत कुठल्याच पक्षाला होत नाही, हे तुम्ही सगळ्यांना करून दाखवलंत. आता प्रत्येक नव्या शुल्काच्या मनात तुमच्यासारखं दीर्घायुष्य आहे.

कोरियाचं एक सांगून थांबतो. २०१२ च्या करारात ठरलं होतं की कोरियन ट्रकवरून २०२१ पर्यंत तुम्ही उठाल. तेव्हा अमेरिकेत कोरियाचा एकही पिकअप विकला जात नव्हता. २०१८ मध्ये करार पुन्हा उघडला आणि तुम्हाला वीस वर्षांची मुदतवाढ मिळाली, २०४१ पर्यंत. येऊ न घातलेल्या ट्रकसाठी एवढी खबरदारी! ह्युंदाईने मग आपला पिकअप अलाबामातच बनवायला घेतला. २०४१ मध्ये तुम्ही सत्याहत्तर वर्षांचे असाल. त्या साली तुम्ही निवृत्त व्हाल यावर माझ्याशी पैज लावायला कुणी तयार असेल तर संपादकांकडे नाव नोंदवावं.

कळावे. लोभ आहेच, तो आणखी वाढवू नये ही विनंती.

आपला,
एक पायी चालणारा वाचक